तापले म्हणून टाकू नका



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. बसलो म्हणण्यापेक्षा बसायला लावले गेले आहे! परवा नात्यातल्या एका लग्नाला साकोलीला गेलो होतो. पंगतीत वाढपी वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पुढ्यात उभा, आणि शेजारच्या पानावरचे पाहुणे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गुरुजी, नातवानं गेम खेळू खेळू कम्प्युटर जाळून टाकला म्हणे तुमचा!"

पंगत हसली. मीही हसलो, कारण लग्नाच्या पंगतीत भांडू नये असा आमच्या आईचा नियम होता. पण नातू समोरच्याच रांगेत बसला होता. त्याने मान खाली घालून भात कालवायला घेतला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

म्हणून जे पंगतीत बोललो नाही ते इथे लिहितो. ते पाहुणे हे वाचतात, मला ठाऊक आहे. वाचा बरं का भाऊजी! तुमच्यावर राग नाही. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या एका सवयीवर. काही तापले की ते मोजायच्या आधीच आपण निकाल देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे सरळ आहे. तो कॉम्प्युटर जळला नव्हता. नातवाने तर मुळीच जाळला नव्हता. तो गुदमरला होता. आणि गुदमरलेल्याला मेलेला समजून टाकून देणे मला तरी पटत नाही.

आधी झाले काय ते सांगतो. गोष्ट एप्रिल २०२५ ची. इतक्या दिवसांनीही ती नात्यात फिरते आहे म्हणजे बघा! नातू बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याच्याकडे गेमिंगचा कॉम्प्युटर आहे. २०२३ मध्ये थोडे माझ्या पेन्शनीतले, थोडे त्याच्या बापाचे आणि थोडे त्याने वाढदिवस-दिवाळीचे साठवलेले असे पैसे घालून तो घेतला. त्यातला सगळ्यात महाग भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पडद्यावर जे चित्र हलते ते रंगवण्याचे काम हे कार्ड करते. एका सेकंदाला साठ, शंभर, कधी दीडशे चित्रे! नातवाचे कार्ड एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६०. हे मॉडेल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आले. त्या काळात इथेरियम नावाचे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक कार्डे पळवत होते, म्हणून भाव आभाळाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. आमचे कार्ड असेच दुसऱ्या हातचे, नागपूरहून आणलेले.

एप्रिलच्या मध्यापासून कॉम्प्युटर रुसायला लागला. गेम सुरू केला की वीस मिनिटे ठीक. मग चित्र अडखळायचे, पंखे राइस मिलसारखे घुमायचे, आणि पडदा काळा. नातू म्हणायचा, "आबा, तापून राहिलं नं ते." मी म्हणायचो, "तापणारच. तू उठतोस कुठं त्याच्यासमोरून?"

शेवटी तो कार्ड काढून गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. मीही सोबत होतो. त्या गृहस्थाने कार्ड हातात घेतले, उलटे केले, नाकाशी धरले आणि म्हणाला, "गेलं हे. जळलं. नवीन टाकावं लागते. अठ्ठावीस हजार." एक स्क्रू उघडला नाही, की एकदा लावून पाहिले नाही! पोट न दाबता, नाडी न बघता मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि मी काय केले? लाज वाटते सांगायला. मी नातवाला तिथेच, दुकानदारासमोर म्हणालो, "मी सांगत होतो तुला." मुलगा संध्याकाळी म्हणाला, विकून टाका भंगारात, नाही तरी अभ्यासाच्या काही कामाचा नाही. सौ. म्हणाल्या, पोराचे डोळे तरी वाचतील. निकाल एकमताने लागला. रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली तेव्हा नातू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आबा, तुम्ही तरी एकदा विचारायला पाहिजे होतं. तुम्ही तर मास्तर आहात."

ते वाक्य मला त्या रात्री झोपू देईना.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काही वाचक म्हणतील, नातू नक्की काही तरी अभ्यासाचे, चित्रकलेचे काम करत असेल. नाही हो. तो गेम खेळत होता. फक्त गेम. मी त्याच्यासाठी खोटी सबब सांगणार नाही. पण गेम खेळणे आवडत नाही म्हणून यंत्राच्या बिघाडाचे कारण 'गेम' असे लिहून टाकायचे, हा कुठला न्याय? ते कार्ड त्याच कामासाठी बनवले आहे. नांगराला जुंपलेला बैल दमला तर 'नांगर ओढला म्हणून दमला' एवढेच म्हणून आपण थांबतो का? त्याला पाणी मिळाले का, सावली मिळाली का, जू घासते आहे का, हे पाहतोच ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही दोघे मोजायला बसलो. मी मराठीचा बी. ए. आहे. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की मुख्याध्यापक मलाच सातवीच्या वर्गावर पाठवायचे, त्यामुळे तापमापी कशी धरायची एवढे येते. भिंतीवरची तापमापी काढली. खोलीच्या मध्यभागी ४१ अंश. कपाट आणि भिंत यांच्या खोबणीत जिथे कॉम्प्युटरचा डबा (ते त्याला कॅबिनेट म्हणतात) कोंबला होता तिथे ४४. कार्ड पुन्हा बसवले आणि नातवाने एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडला. त्यात कार्डाचा ताप दिसतो. नुसते बसलेले असताना ५८. गेम सुरू केल्यावर चार मिनिटांत ८३. आणि मग गंमत पाहा, ८३ वरच अडकले! पुढे जाईना. पण कार्डाचा वेग मात्र १८०० मेगाहर्ट्‌झच्या वरून घसरत घसरत १३०० वर आला. शेजारच्या रकान्यात 'हॉट स्पॉट', म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, तिथे १०४. आणखी दहा मिनिटांनी पडदा काळा.

मग आम्ही वाचले. ८३ हा आकडा उगाच आलेला नाही. या कार्डांना बनवणाऱ्यांनी तिथे लगाम ठेवलेला असतो. तिथवर ताप गेला की कार्ड स्वतःच वेग कमी करते, म्हणजे ताप आणखी चढू नये. या मॉडेलची कमाल मर्यादा ९३ अंश दिली आहे. म्हणजे काय, तर कार्ड नियमाप्रमाणे वागत होते. लक्षात घ्या, जळलेले कार्ड वेग कमी करत नाही. जळलेले कार्ड काहीच करत नाही! आमचे कार्ड स्वतःला वाचवायची धडपड करत होते आणि आम्ही सगळे त्याचे तेरावे घालायला निघालो होतो.

आता थोडा हिशेब. हा हिशेब समजला की अर्धे भांडण मिटते. पंख्याने थंड होणारे कोणतेही कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ते नेहमी खोलीपेक्षा काही अंश वर राहते. समजा पूर्ण कामावर ते ४५ अंश वर राहते. खोली २५ अंशांची असेल तर कार्ड ७०, छान. खोली ४३ ची असेल तर तेच कार्ड ८८ वर जाऊ पाहणार. कार्ड तेच, गेम तोच, मुलगाही तोच. बदलले ते फक्त गाव!

यूट्यूबवर कार्डांची परीक्षा घेणारे लोक ती वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतात. आकडे खरे असतात, पण ते त्यांच्या खोलीचे असतात. आपल्याकडे चंद्रपूरला २ जून २००७ ला पारा ४९ ला टेकला. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९. आणि ३० मे २०२४ चा किस्सा तर आठवत असेल. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. हवामान खात्याने मग खुलासा केला की केंद्राचा इलेक्ट्रॉनिक सेन्सरच बिघडला होता. म्हणजे आपला ताप मोजायला ठेवलेले यंत्रही आपल्याकडे भ्रमिष्ट होते! तिथे नातवाच्या कार्डाने थोडी कुरकुर केली तर नवल काय?

हे असे दुसऱ्याच्या हवेवर बेतलेले आकडे आपल्या माथी येण्याची आपल्याला सवयच आहे म्हणा. त्याच एप्रिल २०२५ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिलमध्ये घ्यायचे वेळापत्रक काढले. विदर्भातून ओरड झाली. व्हायलाच हवी होती. ज्या सरकारला जूनमध्ये हे कळते की विदर्भातल्या शाळा आठवडाभर उशिरा उघडाव्या (२०२५ मध्ये बाकी राज्यात १६ जूनला, आपल्याकडे २३ जूनला), त्यालाच एप्रिलमध्ये ते का कळू नये? असो. विषयावर येतो.

कार्ड तापले, पण इतके का तापले? गावातला उन्हाळा काय नवीन आहे? २०२४ चा उन्हाळा याच कार्डाने याच घरात काढला होता. मग आम्ही डबा उघडला. आणि मंडळी, काय सांगू! आमच्या तुमसरला धानाचा बाजार मोठा, आणि घरापासून दोनशे पावलांवर राइस मिल. कोंड्याची बारीक भुकटी हवेत असतेच. ती दोन वर्षे त्या पंख्यांनी ओढून घेतली होती. कार्डाच्या पात्यांमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, उष्णता हवेत सोडायला. त्या जाळीवर नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने उचलला तर अख्खा निघून आला. हवा जाणार कुठून?

दुसरी गोष्ट. डब्याची पुढची बाजू पूर्ण काचेची. आत रंगीत दिवे लागतात, रात्री देवघरासारखे दिसते. पण पंखे त्या काचेच्या मागे! हवा आत घ्यायला कडेला बोटभर फट. ज्याने हा डबा बनवला त्याला दिवे दिसावेत एवढीच काळजी होती. मी विचारतो, विदर्भातले कुठलेही घर घ्या, आपण कूलर कुठे लावतो? खिडकीत. का? बाहेरची कोरडी हवा त्याला मिळावी म्हणून. आणि समोरचे दार किलकिले का ठेवतो? आतली हवा निघून जावी म्हणून. दार लावले की दहा मिनिटांत खोलीत चिकचिक होते आणि आजी ओरडते, "दार उघडा रे!" हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळते. मग हीच अक्कल पन्नास-साठ हजारांच्या डब्यासमोर कुठे जाते? हवेला यायला वाट पाहिजे आणि जायला वाट पाहिजे. एवढेच शास्त्र आहे.

तिसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून ती कुणी पाहत नाही. कार्डाच्या चिपवर तांब्याचा पत्रा टेकलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसतात, पण त्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्या खळग्यांत हवा राहते. आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा धातूतून उष्णता कशी पळते ते आपल्याला सांगायला नको. तांबे तर पितळेच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता नेते. पण हवा? तांब्याच्या तुलनेत हवा साधारण पंधरा हजार पट मंद! म्हणून चिप आणि तांबे यांच्यामध्ये एक लुकण भरतात, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ते लुकण तांब्याइतके चांगले नसते, पण हवेपेक्षा शे-दोनशे पट बरे. आमच्या कार्डातले लुकण वाळून खपली झाले होते. चिपचा ताप ८३ आणि हॉट स्पॉट १०४, हा एकवीस अंशांचा फरक त्याचीच खूण होती. हा फरक दहा-पंधराच्या आत असेल तर ठीक असते.

उपाय काय केला तो क्रमाने लिहितो, म्हणजे कुणाला उपयोग होईल.

वीज बंद केली, प्लग काढला, आणि बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. हात आधी लोखंडी खिडकीला लावले, कारण अंगातल्या स्थिर विजेचा एक चटकाही नाजूक भागांना पुरतो. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली आणि मग ब्लोअरने फुंकर मारली. पाती मोकळी ठेवून फुंकर मारली तर ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग जाते. उरलेली धूळ रंगकामाच्या नव्या कोरड्या कुंचल्याने काढली. मग कार्डाचे स्क्रू काढून, जुने लुकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवे पातळ लावले, सगळी चिप झाकेल इतके. बाजूच्या मेमरीवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात, त्या फाटल्या नव्हत्या म्हणून तशाच ठेवल्या. बदलायच्या असतील तर जाडी तीच हवी, नाही तर तांबे चिपवर टेकतच नाही. सगळा खर्च साडेसहाशे रुपये. अठ्ठावीस हजारांपुढे साडेसहाशे!

मग पुढची काच काढून तिथे डासांची जाळी ताणून लावली. सौ.ना ते रूप आवडले नाही, पण जाळी दर रविवारी धुता येते. टेबल खोबणीतून बाहेर ओढले. कूलरची हवा सरळ डब्यावर यायची ती बंद केली. नातवाने थंडावा मिळावा म्हणून तसे केले होते, पण कूलर पाण्याचे तुषार फेकतो, आमच्या बोअरचे पाणी जड, आणि डब्याच्या पत्र्यावर पांढरे क्षाराचे ठिपके पडलेले मी स्वतः पाहिले. खोली थंड करा, यंत्राला आंघोळ घालू नका.

शेवटचा उपाय नातवाने शोधला आणि तो सगळ्यात मोलाचा. हे कार्ड पूर्ण जोरात १७० वॅट वीज खाते. जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. त्याचा पडदा सेकंदाला साठ चित्रेच दाखवू शकतो, पण कार्ड बिचारे एकशेतीस चित्रे रंगवत बसले होते. उरलेली सत्तर कुणी पाहतच नव्हते! त्याने साठची मर्यादा घातली आणि विजेची मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांवर आणली. खेळात फरक पडला का? मला तर नाहीच, त्यालाही दिसला नाही.

पुन्हा मोजले. खोली ४२, कार्ड ७६, हॉट स्पॉट ८८. पंख्यांचा आवाज निम्म्यावर. त्या दिवसापासून आजपर्यंत पडदा एकदाही काळा झालेला नाही. हे ते 'जळलेले' कार्ड!

आता आक्षेप घेऊ या, कारण ते येणारच.

एक, "एसी लावा ना." लावा की, ज्यांना परवडतो त्यांनी. पण धुळीने बंद झालेल्या जाळीला एसी काय करणार? नाक चोंदलेल्या माणसाला महाबळेश्वरला नेल्यासारखे ते. आधी नाक मोकळे करा.

दोन, "नवीनच घ्यावे, कटकट नको." नवीन कार्डही याच गावात, याच खोबणीत, याच काचेमागे बसणार होते. दोन वर्षांनी त्याचेही हेच. कारण न शोधता वस्तू बदलणे म्हणजे उत्तर चुकले म्हणून वही बदलणे.

तीन, "वापरणाऱ्याचीच चूक असते." हे तर मोठमोठ्या कंपन्यांनाही शेवटी म्हणता आले नाही! मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे खेळायचे यंत्र आठवते? तीन लाल दिवे लागून ते बंद पडायचे. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले गेले की तापणे-निवणे, तापणे-निवणे याने आतले जोड तडकत होते. एनव्हिडियानेही जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या बांधणीत वापरलेले साहित्य कमकुवत निघाले म्हणून पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तिथे मुलांनी जास्त खेळ खेळला असे कुणी म्हटले नाही. मग आपण आपल्याच पोराला का म्हणतो?

आणि दुरुस्तीचा हक्क ही काही माझ्या डोक्यातली खुळी कल्पना नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केले. सरकारलाही पटले आहे की वस्तू उघडता आली पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत. पण हक्क कागदावर असून काय उपयोग, जर आपणच नाकाशी धरून 'जळलं' म्हणणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजणार असू?

माझी बाजू आंधळी नाही, हेही सांगतो. कार्ड थंड असतानाच पडद्यावर चौकटी आणि रेघा येत असतील, एखादा भाग काळा पडला असेल, खरोखर जळका वास येत असेल, तर ते गेले असे समजा. हमी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा, मग स्क्रूला हात लावा. आणि पॉवर सप्लायचा डबा घरी मुळीच उघडू नका, बंद केल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते. पण यातले काहीही ठरवण्याआधी मोजा. मोजायला पैसे पडत नाहीत.

आता जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो.

कार्डाचा वेग ताप वाढल्यावर घसरताना पाहिला आणि मला माझी शाळा आठवली. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे मी टिनाच्या छपराखाली शिकवले. एप्रिलमध्ये अकरा वाजले की ते टिन वरून आग ओकायचे. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तीन कोस चालत यायचा. सकाळी पहिल्या तासाला उत्तरे द्यायचा आणि शेवटच्या तासाला डोळे मिटायचा. मी त्याला उभे करायचो. 'मंद' म्हणायचो. एकदा तर भर वर्गात म्हणालो, तुझ्या डोक्यात काही शिरायचे नाही, घरी बस. पुढच्या वर्षी तो खरोखरच आला नाही.

तो मंद नव्हता. त्या तापात त्याचे शरीर स्वतःला सांभाळत होते. मी खिडकी उघडली नाही, माठ वर्गात आणून ठेवला नाही, तास सकाळी घेतला नाही. मी निकाल दिला. नाकाशी धरून! त्या दुरुस्तीवाल्यावर मी एवढा चिडलो, कारण त्याच्यात मला मीच दिसलो. त्या मुलाचा पत्ता मला आज सापडत नाही. नातवाची माफी मात्र मागता आली, ती मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा." पण पंगतीतली त्याची खाली गेलेली मान पाहिली आणि कळले की घरातल्या माफीने नात्यातली बदनामी पुसली जात नाही. म्हणून ही जाहीर कबुली. कॉम्प्युटर जळला नव्हता. दोष पोराचा नव्हता. चूक माझी होती, आमच्या घराची होती.

तर भाऊजी, पुढच्या लग्नात भेटाल तेव्हा पंगतीत हेही जरा मोठ्याने सांगा, ही विनंती. आणि तुमच्या धाकट्याचा लॅपटॉप तापतो असे तुम्हीच मागे म्हणाला होता, तो टाकू नका. तुमसरला घेऊन या. कुंचला आहे, लुकणाची नळी अर्धी उरली आहे, तापमापी पुन्हा भिंतीवर आहे. नातू उघडेल, मी स्क्रू मोजून वाटीत ठेवीन, सौ. पन्हे करतील. आधी मोजू, मग बोलू.

जाता जाता: नातवाने मला ट्रक चालवायचा एक गेम शिकवला आहे. काल पाऊण तास खेळलो आणि ट्रक तीनदा नाल्यात घातला. कार्ड ७४ वर होते. माझा पारा मात्र किती चढला होता ते कुणी मोजले नाही!